भरू न दिलेली वही

त्या वॉर्डात आत गेलेला कागद पुन्हा बाहेर येत नसे. माणूस बरा होऊन चालत येई, नाहीतर पिशवीत बांधून येई, पण कागद नाही. साथीचा नियमच तसा होता. आतल्या परिचारिका रोग्यांचा ताप, नाडी, श्वास वहीत लिहायच्या आणि वही मधल्या मोठ्या काचेला टेकवून धरायच्या. काचेपलीकडे बसलेला कारकून ते वाचून बाहेरच्या रजिस्टरात उतरवून घ्यायचा. बोलायचं झालं तर काचेशेजारच्या फोनवरून. आतली वही भरली की पिवळ्या पिशवीत, आणि पिशवी भट्टीत. जगाच्या लेखी खरं काय, तर बाहेरचं रजिस्टर.

थोरली ही तिथली सगळ्यात जुनी परिचारिका. वय बावन्न, नोकरी तीस वर्षांची, गुडघे त्याहून जुने. किट अंगावर चढलं की सगळ्या बायका सारख्याच पांढऱ्या पोत्यासारख्या दिसत, पोटच्या पोरालाही आई ओळखू येऊ नये. म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर जाड पेनाने टोपणनाव लिहायची पद्धत पडली होती. एक होती बुलेट, कारण ती चालताना पळायची. एक होती सासूबाई, वय पंचवीस, पण सगळ्यांना टोकायची. थोरलीच्या पाठीवर थोरली. आणि सगळ्यात धाकटीच्या पाठीवर चिमणी.

ही पोर बोलायची फार. म्हाताऱ्या रोग्यांना भरवताना त्यांच्याच नक्कला त्यांना करून दाखवायची. बारा तास किटमध्ये, पाण्याचा घोट नाही, लघवीला जायची सोय नाही, चष्म्याच्या आत घामाचं तळं, नाकावर मास्कच्या पट्टीने पडलेली जखम. अशात तिच्या तोंडाची टकळी चालू. थोरली म्हणायची, पोरी, श्वास जपून वापर, पुढे लागेल. तर चिमणी म्हणायची, ताई, माझ्याकडे साठा आहे.

सगळा कारभार होता व्यवस्थापक साहेबांकडे. त्यांना बायका मागे फूटपट्टी म्हणत. किटच्या मनगटाला लावायची चिकटपट्टी त्यांनी खरोखरच पट्टीने मोजून द्यायला लावली होती, हातभर म्हणजे हातभर, वर बोटभर नाही. रोज एक परिपत्रक निघे. आत मोबाइल न्यायचा नाही. एका पाळीत एका रोग्याजवळ तीनदाच जायचं, किट लवकर खराब होतं म्हणून. काचेपाशी कारकुनाशिवाय कोणी उभं राहायचं नाही, रोग्याचे नातेवाईक तर मुळीच नाही. स्वतः फूटपट्टी त्या वॉर्डात एकदाही आले नव्हते. ते काचेपर्यंत यायचे, तेही रुमाल नाकाला धरून.

आणि मग तो दिवस आला.

दुपारी दोनला चिमणीची पाळी संपली, पण चार्ज घ्यायला कोणी आलंच नाही. येणाऱ्या दोघी सकाळीच तापाने पडल्या होत्या. साहेबांना ते कळवलेलं होतं आणि बदली माणूस त्यांनी दिलेलं नव्हतं. वॉर्डात एकवीस रोगी, आणि ही एकटी. प्राणवायूच्या टाक्या संपत आलेल्या. तिने तीनदा काचेला कागद धरला. तीनदा कारकुनाने साहेबांना विचारून फोनवर उत्तर दिलं, पाहतो म्हणाले. टाक्या आल्या त्या साडेचारला. तोवर दोन रोगी गेले होते. चिमणी जमिनीवर बसून एकाच्या तोंडावर हाताने पंप दाबत होती. तो गेल्याचं वहीत तिनेच लिहिलं होतं, तरी ते तिला टाक्या घेऊन आलेल्या माणसाला सांगावं लागलं. उठली ती तापातच उठली.

बाहेरच्या रजिस्टरात मात्र वेगळंच लिहिलं गेलं. दुपारी दोन वाजता परिचारिका चार्ज न देता निघून गेली, दोन रोग्यांचा मृत्यू तिच्या गैरहजेरीत झाला. चौकशीला दोन गृहस्थ आले, साहेबांच्या खोलीत बसले, रजिस्टर पाहिलं, चहा प्याले आणि गेले. आतल्या एकाही बाईला कोणी बोलावलं नाही. थोरलीने दुसऱ्या दिवशी चिमणीच्या हातचं पान काचेला धरलं. कारकुनाने वाचलं, आणि मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसला. तीन लेकरांचा बाप, त्याला दोष तरी किती द्यायचा? पण थोरलीने दिला.

चिमणीला त्याच वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर ठेवलं. अकराव्या दिवशी ती गेली. साठा संपला. तिची आई शिवणकाम करायची, एका खोलीत राहायची. तिच्या घरी हॉस्पिटलचं पत्र गेलं, त्यात दुःखाच्या दोन ओळी होत्या आणि निष्काळजीपणाच्या चार. गल्लीत ही बातमी पत्राच्याही आधी पोहोचली होती. बायका शिवायला टाकलेले कपडे अर्धवट शिवलेलेच परत मागून घेऊ लागल्या. कोणीतरी दारावर खडूने लिहून गेलं, पळपुटी.

थोरली भेटायला गेली तेव्हा आई मशिनवर रिकामीच पाय हलवत बसलेली. तिने एवढंच विचारलं, "बाई, ती पळाली का?"

"नाही."

"मग हे तुम्ही कुणाला सांगणार?"

 त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात एक निखारा पडला, आणि तो तिने विझू दिला नाही.

आत वही होती. चिमणीच्या हातचं ते पान वहीत होतं. पण वही भरली की जळणार. एरवी एक वही पंधरा दिवस पुरायची, आणि त्या वहीत आता बारा पानं उरली होती. परिचारिकांचा आपला एक रिवाज होता, चार्जची वही भरल्याशिवाय जाळायची नाही. अर्धी वही जाळली तर वॉर्डाला वाईट, अशी समजूत. थोरलीने तो रिवाज घट्ट धरला. तिने सगळ्यांना सांगितलं, आजपासून बारीक लिहायचं.

"किती बारीक?" बुलेटने विचारलं.

"मुंगीने वाचावं एवढं."

आणि बायका लिहू लागल्या. एका ओळीत दोन ओळी, दोन ओळींच्या मध्ये तिसरी, समासात, पानाच्या कडेने उभं. घामाने भिजलेल्या दुहेरी हातमोज्यांतून, वाफ धरलेल्या चष्म्यातून मोहरीएवढं अक्षर. सासूबाई म्हणाली, डोळे जातील आमचे. थोरली म्हणाली, जाऊ देत, एक डोळा ठेवा. बाहेर कारकून कुरकुरायचा, वाचता येत नाही म्हणून. थोरली फोनवर सांगायची, साहेबांचाच आदेश आहे, कागद जपून वापरा. सात आठवडे झाले तरी ती बारा पानं संपली नव्हती. फूटपट्टीला वाटत होतं, ती वही केव्हाच राख झाली.

आठव्या आठवड्यात फूटपट्टी स्वतःच आत आले, चाकाच्या खुर्चीत. तोंड निळसर, छाती लोहाराच्या भात्यासारखी. खाट एकच रिकामी होती, अकरा नंबर.

त्या दिवशी घरी गेल्यावर थोरली जेवली नाही. घरात तिचं राहणं जिन्याखालच्या खोलीत. नवरा बस चालवून निवृत्त झालेला, तो ताट बाहेर ठेवून चार पायऱ्या वर बसायचा आणि तिथून बोलायचा. तिने त्याला सांगितलं, कोण आलंय ते.  मग त्याने विचारलं, तू त्याला मारणार तर नाहीस ना?

"नाही," ती म्हणाली. "ते फार सोपं आहे. मेला तर फोटोला हार घालतील, भाषणं करतील. मला तो जिवंत पाहिजे. मेलेल्या माणसाची सही चालत नाही."

दुसऱ्या दिवशी किट चढवल्यावर तिने बुलेटपुढे पाठ केली आणि म्हणाली, लिही. बुलेटने 'थो' काढायला पेन टेकवलं. थोरली म्हणाली, ते नको, चिमणी लिही. बुलेटचा हात थांबला. मग तिने लिहिलं, चांगलं ठळक.

साहेबांनी दुपारी डोळे उघडले तेव्हा एक पांढरं पोतं त्यांच्याकडे पाठ करून औषध भरत होतं. पाठीवरचं नाव त्यांनी वाचलं. त्यांच्या बोटाला लावलेलं यंत्र एकदम जोरात वाजू लागलं.

"काय झालं साहेब?" थोरलीने वळून विचारलं. "नाडी पळतेय तुमची. कोण दिसलं का?"

 त्या दिवसापासून ती पाठ फिरवून लांब गेली की त्यांची नजर तिच्यामागे जायची, आणि ती मुद्दाम पाठ फिरवून उभी राहायची.

शुश्रूषेत तिने उणं ठेवलं नाही. दर फेरीला पालथं झोपवायची, उताणं करायची, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून तेल लावायची, नळीतून पातळ खाणं भरवायची. दोनदा ते जातात की काय असं झालं, तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिचे हात त्यांच्या छातीवर होते. डॉक्टर तरुण होते, त्यांना फार कौतुक वाटलं. ते म्हणाले, किती जीव लावता तुम्ही या रोग्याला. थोरली म्हणाली, हो ना, याच्यात माझा जीव अडकलाय.

पण बाकी सगळं परिपत्रकाप्रमाणे. खाटेजवळ तीनदाच यायचं, तर ती दिवसाची कामं तीन फेऱ्यांत बसवायची, आणि चौथ्यांदा घंटी वाजली की लांबूनच तीन बोटं दाखवायची. उशी सरकली, घसा कोरडा पडला, पाय उघडा राहिला, तर राहिला. त्यांनी एकदा धापा टाकत म्हटलं, सिस्टर, पाणी. ती म्हणाली, साहेब, आम्हाला बारा तासांत घोट मिळत नाही, तुम्हाला चौथ्या तासाला मिळेल, भाग्यवान आहात. आणि चौथ्या तासाला बरोबर दिलं, चमच्याने, सांडू न देता.

एक परिपत्रक मात्र मोडलं गेलं, आणि ते मोडलं साहेबांनीच. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांकडून बाहेर निरोप पाठवला, माझ्या बायकोला रोज काचेपाशी येऊ द्या. इतके दिवस कोणाच्या आईला, बापाला, नवऱ्याला काचेजवळ उभं केलं नव्हतं. चिमणीची आई तर फाटकातूनच परत गेली होती. पण साहेबांची बायको आली. तिच्यासाठी खुर्ची ठेवली गेली.

ही बाई शाळेत शिक्षिका होती, एकतीस वर्षं वह्या तपासलेली. उंच, सडपातळ, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा, हातात जाडजूड वही. तिने पहिल्याच दिवशी फोन उचलून विचारलं, आज किती? थोरलीने वही काचेला धरली. बाई पुढे वाकली, मागे सरकली, चष्मा पुसला.

"एवढं बारीक कोण लिहितं? माझ्या वर्गात असतात तर अंगठे धरून उभं केलं असतं."

"कागद नाही बाई," थोरली म्हणाली. "तुम्हाला कुठून वाचायचंय?"

"सुरुवातीपासून. अर्धवट वाचायची मला सवय नाही."

थोरलीच्या पोटातला निखारा हलला. तिला साहेबांची बायको हवी होती असं नाही, तिला ती सुचलीसुद्धा नव्हती. पण विहिरीनेच तहानेल्याकडे यावं, तसं झालं. तिने वही मागे उलटली, चिमणीचं पान काढलं आणि काचेला धरलं. म्हणाली, मग इथून.

बाई दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन आली. आणि रोज थोडं थोडं करून, एकही शब्द न गाळता, सगळं आपल्या वहीत उतरवू लागली. नवऱ्याची आजची नाडी आधी, आणि मग मागची पानं. काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी तिने कारकुनाकडे बाहेरचं रजिस्टर मागितलं, आकडे ताडून पाहायचेत म्हणून. कारकुनाने का-कू केलं. पण साहेबांना तो जेवढा भ्यायचा त्याच्या दुप्पट साहेबांच्या बायकोला भ्यायचा. दिलं.

सहाव्या दिवशी थोरलीने एक गोष्ट केली. ती चांगली केली की वाईट, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

अकरा नंबरची टाकी संपत आली होती. पडद्यामागे भरलेली टाकी उभी होती, नळी जोडून तयार, फक्त पाना फिरवायचा बाकी, आणि पाना थोरलीच्या कमरेला. साहेबांना दिसत होता तो फक्त डोक्याशेजारच्या टाकीचा काटा, तांबड्याकडे सरकणारा. घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी घंटी वाजवली. थोरली आली, काटा पाहिला.

"संपत आलीय," ती म्हणाली. "थांबा, काचेला कागद धरून येते."

ती गेली. काचेपलीकडे कोणी नव्हतं, कारकून जेवायला गेलेला. तिने रिकाम्या खुर्चीपुढे कागद धरला, मनात शंभर मोजले, परत आली.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"पाहतो म्हणाले."

तीन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा गेली. पुन्हा आली. पाहतो म्हणाले. साहेबांनी चादर मुठीत धरली होती. डोळे काट्यावर. तीन वीसला ती तिसऱ्यांदा गेली. आल्यावर नुसती पाठ करून उभी राहिली. त्या चाळीस मिनिटांत तिचं एक लक्ष त्यांच्या बोटाच्या यंत्रावर होतं. आकडा नव्वदच्या खाली एकदाही गेला नाही. संपत होता तो त्यांचा धीर, हवा नव्हे. काटा तांबड्याला टेकायच्या आधी तिने पडद्यामागे हात घातला आणि पाना फिरवला. फुस्स करून नवी टाकी चालू झाली.

साहेब रडत होते. आवाज न करता, कानांत पाणी जात होतं.

"ही टाकी इथेच होती?" त्यांनी विचारलं.

"तुमची होती," थोरली म्हणाली. "तिची नव्हती."

मग तिने चार्जची वही काढून त्यांच्यापुढे धरली. ते पान त्यांनी वाचलं. चिमणीचं अक्षर मोठं, गोल, उडतं. दोन वाजता: चार्ज घ्यायला कोणी नाही, थांबते. दोन चाळीस: तीन टाक्या उरल्या, काचेला कागद धरला, साहेब पाहतो म्हणाले. तीन पाच: पुन्हा धरला, पाहतो. तीन वीस: पुन्हा धरला, पाहतो. तीन पन्नास: चार नंबरचे आजोबा गेले. चार दहा: नऊ नंबरच्या काकू. खाली एक ओळ, अक्षर वाकडं झालेलं: अजून चार्ज घ्यायला कोणी नाही.

"बरा होऊन बाहेर गेलात की हे पान बाहेरच्या रजिस्टरात तुमच्या हाताने उतरवायचं," थोरली म्हणाली. "खाली सही. आणि तिच्या आईला पत्र."

ते हो म्हणाले. दोनदा म्हणाले. देवाची शपथ घेतली, मुलांची घेतली.

पाळी संपल्यावर बुलेट तिला कपडे बदलायच्या खोलीत गाठून म्हणाली, मी पाहत होते. ताई, चिमणीने असं केलं असतं का?

"नाही केलं असतं," थोरली म्हणाली. "म्हणून तर ती मेली."

 तिला वाईट वाटलं नव्हतं, आणि वाटलं नाही याचंच थोडं वाईट वाटलं. तेही घरी जाईपर्यंत.

गरज सरो, वैद्य मरो. तेराव्या दिवशी साहेबांची नळी निघाली, चौदाव्या दिवशी ते स्वतःच्या हाताने जेवले, आणि पंधराव्या दिवशी, घरी जायच्या सकाळी, त्यांचा साहेबी आवाज परत आला. फाटकापाशी माणसं फुलं घेऊन उभी होती. थोरलीने वही काढली तसे ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले,

"ही वही इथे कशी? अडीच महिन्यांपूर्वीची वही? नियम काय आहे?"

"भरली नाही साहेब. भरल्याशिवाय जाळत नाहीत."

"किती राहिलीय?"

"एक बाजू."

"मग भरा," ते म्हणाले. "माझ्यासमोर भरा आणि पिवळ्या पिशवीत टाका. आजारात माणूस काहीही बोलतो, सिस्टर. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते मी सांगितलं तर तुमची नोकरी राहील का? तुम्ही विसरा, मी विसरतो."

बुलेट बाजूला उभी होती, तिने डोळे मिटून घेतले.  थोरलीने खिशातून जाड पेन काढलं, पाठीवर नावं लिहायचं, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मोठं लिहिलं. एवढं मोठं की ती एक बाजू तीन शब्दांत भरली. चिमणीचा चार्ज घेतला. खाली सही केली, थोरली. मग वही मिटली, पिवळ्या पिशवीत टाकली, गाठ मारली.

"भरली," ती म्हणाली.

साहेबांनी सुटकेचा श्वास घेतला. चांगला खोल श्वास होता, थोरलीने सवयीने मोजला.

त्यांना खुर्चीत बसवून ती दाराकडे घेऊन निघाली. बरा झालेला रोगी काचेवरून जायचा तेव्हा बाहेरचे लोक टाळ्या वाजवायचे, तशी प्रथा पडली होती. त्या दिवशीही माणसं जमली होती, कारकून होता, तरुण डॉक्टर होते, कार्यालयातले सगळे होते. चौकशीचे ते दोन गृहस्थही होते, साहेबांच्या बायकोने फोन करून बोलावलेले. टाळ्या सुरू झाल्या.

बायको मात्र टाळ्या वाजवत नव्हती. तिने आपली जाड वही उघडली आणि बाहेरून काचेला टेकवून धरली.

आजवर कागद आतून बाहेर दाखवले गेले होते. बाहेरून आत कोणी दाखवला नव्हता. साहेबांना कळेना. ते पुढे वाकले. डाव्या पानावर बाहेरच्या रजिस्टरातली नोंद होती, उजव्या पानावर चिमणीचं पान, शब्दनशब्द, शिक्षिकेच्या नीट अक्षरात. ज्या ओळी जुळत नव्हत्या त्यांच्याखाली तांबड्या शाईने रेघा होत्या. तीन ठिकाणी आलेल्या 'पाहतो' या शब्दाला गोल केलेला होता. आणि सगळ्यात खाली रिकामी जागा.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

बाईने फोन उचलला. आत थोरलीने उचलला आणि साहेबांच्या कानाला लावून धरला. तरी आवाज तिलाही ऐकू आला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता तो.

"एकतीस वर्षं वह्या तपासल्या मी," बाई म्हणत होती. "कोणतं खरं आणि कोणतं मागाहून लिहिलेलं, ते मला विचारावं लागत नाही. त्या दिवशी तीन वाजता तू कुठे होतास ते मला माहीत आहे. घरी जेवत होतास. मीच वाढलं होतं. तीनदा फोन आला, तीनदा तू पाहतो म्हणालास, आणि मी विचारलं तर म्हणालास, काही नाही, आतल्या बायका घाबरट आहेत."

साहेबांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला.

"बाहेर ये," बाई म्हणाली. "इथे सही कर, सगळ्यांसमोर. मग घर."

साहेबांनी मान वर करून थोरलीकडे पाहिलं. तिचे डोळे चष्म्यामागे होते, त्यांत त्यांना काही दिसलं नसावं. ते पुटपुटले, सिस्टर, मला माफ करा. थोरलीने खुर्चीचा ब्रेक काढला. दारात रोग्याशी बोलायचं नाही, असंही त्यांचं एक परिपत्रक होतं.

सही झाली. कारकुनाने पहिल्यांदाच न सांगता रजिस्टर पुढे केलं आणि जुनी नोंद खोडली. खोडताना, म्हणतात, त्याने कागद फाडला. महिन्याभरात साहेबांची खुर्ची गेली. बाई घरी त्यांच्याशी बोलते की नाही, हे कोणाला माहीत नाही, आणि थोरलीने कधी विचारलं नाही.

नवं पत्र घेऊन चिमणीच्या आईकडे ती स्वतः गेली. सोबत पत्राच्या दोन प्रती होत्या, चार नंबरच्या आजोबांच्या आणि नऊ नंबरच्या काकूंच्या घरी द्यायला. दारावरचा खडू कोणी पुसला नव्हता. आईनेही नाही. आईला वाचायला वेळ लागला, ती बोट ठेवून ठेवून वाचत होती. पत्रात लिहिलं होतं, परिचारिका आपली पाळी संपल्यावरही अडीच तास एकटी थांबली. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग घडी घालून डब्यात ठेवायला उठली.

थोरली म्हणाली, "डब्यात नको."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग तिलाही समजलं. तिने शिवणाच्या खळीचा डबा काढला, पत्राला चारी कडांनी खळ लावली आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेला ते आतून चिकटवलं, अक्षरं बाहेर करून. मग मशिन ओढून तिने बरोबर त्या काचेमागे घेतली आणि कापड नसतानाच बसली.

 बाहेरून जाणारी एक बाई थांबली, वाचू लागली. ही तीच, अर्धवट शिवलेलं पोलकं परत नेलेली. वाचता वाचता तिचं तोंड उतरलं. तिने वर पाहिलं तर काचेमागे आई तिच्याकडेच पाहत होती, डोळ्याची पापणी न हलवता. ती बाई खाली मान घालून निघून गेली.

"एक," आई म्हणाली, आणि पुढच्या बाईची वाट पाहू लागली.